ठोके आणि हालचाल: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

प्रकल्पाचा प्रश्न आज कागदावर पक्का झाला. ‘चारचौघांसमोर बोलायच्या आधी हृदयाचे ठोके वाढतात का?’ हा प्रश्न बाद. वाढतातच, त्यासाठी अनुदान कशाला हवं? आम्हाला विचारायचंय ते असं: वाढलेल्या ठोक्यांतला किती भाग धास्तीचा आणि किती नुसत्या शरीराचा? घाबरलेला माणूस चुळबुळ करतो, उठून उभा राहतो, येरझाऱ्या घालतो, त्याचा श्वास बदलतो, तो बोलू लागतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने ठोके वाढतात, मनात भीती असो वा नसो.

वाद जुनाच आहे. मानस-शरीरशास्त्रज्ञ पॉल ऑब्रिस्ट यांनी १९७० च्या सुमारास मांडलं की हृदय आणि हालचाल करणारे स्नायू बहुतेक वेळा जोडीने चालतात. त्रासदायक काहीतरी होणार म्हणून वाट पाहताना ठोके मंदावतात, कारण त्या क्षणी शरीरही थबकलेलं असतं. पुढे त्यांच्याच कामातून दुसरी बाजू दिसली: प्रयत्न करून संकट टाळता येण्यासारखं असेल, तर ठोके स्नायूंच्या गरजेपेक्षा जास्त वाढू शकतात. आमचं काम या ‘जास्त’भोवती फिरणार आहे.

दोन टप्पे ठरले. पहिला प्रयोगशाळेत, दुसरा सहभागी व्यक्तीच्या रोजच्या दिवसात, छातीवर यंत्र लावून.

९ जानेवारी

यंत्रांची निवड. मनगटी पट्टे स्वस्त, घालायला सोपे आणि लोकांच्या ओळखीचे, म्हणून सगळ्यांचा कल तिकडे. मी विरोध केला. मनगटावरचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेतला फरक मोजतो. हृदयाचा विद्युत संकेत त्याला दिसतच नाही. लाट बोटापर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो आणि हा उशीर रक्तदाबाबरोबर बदलतो. सरासरी हृदयगतीला त्याने बिघडत नाही. पण दोन ठोक्यांमधल्या अंतराचे बारीक चढउतार, म्हणजे एचआरव्ही, मोजायचे असतील तर ते अंतर ईसीजीच्या आर-शिखरापासून (प्रत्येक ठोक्याला उमटणारं उंच टोक) आर-शिखरापर्यंतच मोजलेलं बरं. शिवाय हात हलला की प्रकाशाचा संकेत सगळ्यात आधी बिघडतो, आणि आम्हाला तर नेमके हलणारे क्षणच हवे आहेत.

म्हणून छातीवर चिकटणारं एकच यंत्र, त्यात ईसीजी आणि हालचाल मोजणारा तीन अक्षांचा अ‍ॅक्सेलरोमीटर दोन्ही. ईसीजी सेकंदाला १००० नमुने. एचआरव्ही कसा मोजावा यावरच्या १९९६ च्या युरोपीय-अमेरिकी टास्क फोर्सने २५० ते ५०० किंवा त्याहून जास्त सुचवलंय. १२५ वर एक पायरी ८ मिलिसेकंदांची पडते. ज्याचा आरएमएसएसडीच (लागोपाठच्या अंतरांतल्या फरकांवरून काढलेलं एचआरव्हीचं माप) १५-२० मिलिसेकंद आहे, त्याच्या बाबतीत ती परवडत नाही.

१४ जानेवारी

आजचा दिवस इलेक्ट्रोडचा. एक उजव्या कॉलरबोनखाली, एक डाव्या बाजूला खालच्या बरगडीवर, म्हणजे ढोबळमानाने ईसीजीतल्या दुसऱ्या लीडची (मोजणीच्या रेषेची) दिशा. या दिशेने आर-शिखर बहुतेकांत उंच येतं. पण काहींच्या बाबतीत त्यामागून येणारी टी-लाटही तितकीच उंच निघते आणि सॉफ्टवेअर एका ठोक्याचे दोन मोजतं. असं दिसलं की इलेक्ट्रोडची जागा तिथल्या तिथे बदलायची. ‘नंतर विश्लेषणात बघू’ चालणार नाही.

वरचा इलेक्ट्रोड खांद्याकडे सरकला की हात उचलताच छातीच्या स्नायूंचा विद्युत संकेत ईसीजीवर काट्यांसारखा उमटतो. तो हाडाच्या जवळ, स्नायूचं मांस कमी असेल तिथे हवा. त्वचा स्पिरिटने पुसायची, ती पूर्ण वाळू द्यायची, मग चिकटवायचं. ज्युनियर सहकाऱ्याला वाळण्याची वाट पाहणं जिवावर येतं. ओल्या त्वचेवर लावलेला इलेक्ट्रोड बसल्यावर छान दिसतो, चालायला लागलं की सुटतो. वायरीला छोटा वळसा देऊन तो पट्टीने त्वचेवर चिकटवायचा, म्हणजे ओढ वायरीला बसेल, इलेक्ट्रोडला नाही.

मॅडमनी दोन मुद्दे संमतिपत्रात घालायला सांगितले. लावणारी व्यक्ती कोण असावी हे सहभागी ठरवेल आणि जागा समजावून दिल्यावर स्वतः लावायची मुभाही असेल. दुसरं: आम्ही निदान करत नाही. नोंदीत काही वेगळं आढळलं तर कोण, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगणार, हे आधीच लिहून ठेवायचं.

१७ जानेवारी

अ‍ॅक्सेलरोमीटरची सहा बाजूंची तपासणी. यंत्र टेबलावर आळीपाळीने सहाही बाजूंवर ठेवायचं. स्थिर वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षण असतं, त्यामुळे उभा अक्ष एकदा +१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकं त्वरण) आणि उलटं ठेवल्यावर −१ जी दाखवायला हवा. एका यंत्राने +१.०४ आणि −०.९६ दाखवलं. म्हणजे शून्यच ०.०४ जी ने सरकलेलं.

इतकंसं वाटतं खरं. पण हालचाल मोजायची आमची पद्धत अशी: तिन्ही अक्षांची एकत्रित लांबी काढायची, त्यातून १ जी वजा करायचा, उणे आलं तर शून्य धरायचं. या हिशोबाने ते यंत्र टेबलावर निपचित पडलेलं असताना ४० मिली-जी ‘हालचाल’ करत होतं. खुर्चीत बसून काम करणाऱ्याची खरी हालचाल याहून कमी भरू शकते. आता प्रत्येक यंत्राचे सरकलेले आकडे वेगळ्या फाइलमध्ये, यंत्राच्या क्रमांकासह. कच्च्या नोंदीला हात लावायचा नाही, दुरुस्ती फक्त विश्लेषणात करायची.

२० जानेवारी

पहिल्या चाचणी-नोंदी. आमच्यातलाच एक जण खुर्चीत डोळे मिटून बसला. त्याच्या अ‍ॅक्सेलरोमीटरची रेघ मोठी करून पाहिली तर सपाट कुठेच नाही. प्रत्येक आर-शिखरानंतर लगेच काही मिली-जी उंचीचा बारीक थरथराट, मग एक छोटा झटका, मग शांत, पुढच्या ठोक्याला पुन्हा तेच. हृदयाच्या आकुंचनाचा आणि झडपांच्या उघडझापीचा धक्का छातीच्या भिंतीवर बसतो, त्याचंच हे चित्र. याचं स्वतंत्र शास्त्रच आहे, सिस्मोकार्डिओग्राफी. त्याखाली आणखी एक संथ लाट होती: श्वासाबरोबर छाती वर-खाली झाली की यंत्र किंचित तिरकं होतं आणि गुरुत्वाकर्षणाची विभागणी बदलते.

म्हणजे शांत बसलेल्या माणसात हालचालीच्या मापातूनच श्वासाचा वेगही मिळतो, वेगळा पट्टा न बांधता. चालायला लागलं की ही लाट पावलांत बुडून जाते. जिथे मिळतो तिथे घ्यायचा, बाकी वेळ तो नाही असं समजायचं.

२३ जानेवारी

घड्याळं. संगणक, छातीवरचं यंत्र आणि सहभागीचा फोन, तिघांची वेळ वेगळी. क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत २० भागांचा फरक असला तरी दिवसाला सुमारे १.७ सेकंद सरकतात. मिनिटांच्या सरासरीला याने काही फरक पडत नाही. पण ‘आता बोलायचंय’ अशी सूचना दिल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत ठोके मंदावतात का हे पाहायचं असेल, तर सगळाच खेळ तेवढ्या वेळेत होतो. उपाय साधा: सुरुवातीला आणि शेवटी यंत्रावर बोटाने तीन टिचक्या, त्याच वेळी संगणकाचं बटण. टिचक्या रेघेवर ठळक दिसतात. दोन टोकं जुळली की मधली वेळ ताणून किंवा आवळून बसवता येते.

२८ जानेवारी

प्रयोगाच्या आराखड्यावरून आज बराच वाद झाला.

आधार म्हणून १९९३ ची ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट. आधी तयारीला वेळ, मग निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांसमोर भाषण, मग तोंडी वजाबाकी: १०२२ मधून १३, पुन्हा १३, चुकलं की पहिल्यापासून. ताण येतो यात शंका नाही. अडचण अशी की बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीची शांत नोंद, बसून घेतली जाते आणि भाषण उभं राहून दिलं जातं. नुसतं उभं राहिल्यानेही रक्त पायांकडे उतरतं आणि ठोके वाढतात. त्यात बोलणं. बोलताना श्वास लांबतो, तुटतो, त्याचा परिणाम पुन्हा ठोक्यांवर. या तिन्हींची बेरीज ‘ताण’ म्हणून छापली जाते, हे मला कधीच पटलेलं नाही.

माझा प्रस्ताव: बसलेली बेसलाइन, उभ्याची बेसलाइन, आणि उभं राहून एखादा रुक्ष मजकूर मोठ्याने वाचणं, समोर परीक्षक नाहीत. मग खरं भाषण. भाषणातून वाचन वजा केल्यावर जे उरेल ते निदान प्रामाणिक असेल. संख्याशास्त्र पाहणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, सत्र फार लांबतं, लोक कंटाळतात, आणि कंटाळाही हृदयात दिसतो. मुद्दा बिनतोड होता. शेवटी बसलेल्या बेसलाइनलाच कात्री लावली. तिथे ‘काही न करता बसा’ऐवजी सोपं, बिनस्पर्धेचं काम द्यायचं, रंग मोजण्यासारखं. याला १९९२ पासून ‘व्हॅनिला बेसलाइन’ म्हणतात. रिकाम्या बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यापेक्षा हलकं काम बरं.

उभं राहिल्यावर पहिली काही मिनिटं मोजायची नाहीत. ठोके आधी उसळतात, मग स्थिरावतात.

३ फेब्रुवारी

पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी, सुरू. आज ज्यासाठी थांबून लिहावं असं काही दिसलं.

‘थोड्या वेळाने तुम्हाला परीक्षकांसमोर बोलायचंय’ ही सूचना पडद्यावर येते, तिथे आमच्या आराखड्यात चढती रेघ अपेक्षित होती. एका सहभागीच्या नोंदीत उलटं. सूचना येण्याआधी तिचा पाय सतत हलत होता. मांडीवर दुसरा अ‍ॅक्सेलरोमीटर होता, त्यावर छोटी छोटी एकसारखी दंतुर रेघ. सूचना आली आणि ती रेघ मध्येच कापल्यासारखी सपाट झाली. छातीवरची रेघही शांत, श्वासाची लाटसुद्धा उथळ. त्याच वेळी आर-शिखरांमधली अंतरं लांबली: ठोके मंदावले. काही सेकंद हे असंच. मग तिने खोल श्वास घेतला, खुर्चीत सरकली आणि ठोके चढत गेले ते चढतच गेले.

शास्त्राला हे नवं नाही. नवीन किंवा धोक्याचं काही समोर आलं की प्राणी आधी थिजतो. माणसातही हे मोजलं गेलंय: २०१० मध्ये कारिन रुलोफ्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना दाब मोजणाऱ्या फळीवर उभं करून रागीट चेहरे दाखवले, तेव्हा शरीराचं डोलणं कमी झालं आणि ठोकेही मंदावले. मंदावणं हे हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचं काम, म्हणून ते ठोक्या-दोन ठोक्यांत दिसतं. चढ सावकाश येतो, कारण ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक यंत्रणेला काही सेकंद लागतात.

आमच्या मूळ योजनेत हालचाल एकाच कामासाठी होती, ठोक्यांतून वजा करायला. त्या हिशोबात हा प्रसंग कसा दिसला असता? हालचाल घटली, ठोके घटले, म्हणजे ‘शरीराने समजावलं’, उरलं शून्य. मानसशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यात बोलका क्षण आम्हीच पुसून टाकला असता. इथे हालचाल ही भावनेच्या वाटेतली अडचण नाही, ती भावनेचाच भाग आहे. वजाबाकी कुठे करायची आणि कुठे दोन्ही रेघा शेजारी ठेवून वाचायच्या, हे आता टप्प्यागणिक ठरवावं लागेल. सूचनेनंतरच्या सुरुवातीच्या सेकंदांत वजाबाकी नाही. मॅडम लगेच तयार झाल्या. संख्याशास्त्रवाल्या सहकाऱ्याने विचारलं, ‘किती सेकंद?’ उत्तर पायलट संपल्यावर.

६ फेब्रुवारी

घामाने इलेक्ट्रोड सुटला. जास्त चिकट प्रकारचे मागवले. यापलीकडे आज काही नाही.

११ फेब्रुवारी

नोंदींची सफाई. आर-शिखरं शोधायला १९८५ च्या पॅन-टॉम्पकिन्स पद्धतीवर बेतलेला प्रोग्राम: सिग्नल गाळा, उतार काढा, वर्ग करा, सरकत्या खिडकीत बेरीज घ्या, उंबरठा लावा. बसलेल्या माणसात उत्तम चालतो. पायऱ्या चढणाऱ्यात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही.

नवीन सहकाऱ्यांना पटावं म्हणून फळ्यावर हिशोब मांडला. पाच मिनिटं, ठोक्यांमधलं अंतर सरासरी ८०० मिलिसेकंद, म्हणजे ३७५ ठोके. खरा आरएमएसएसडी समजा २५ मिलिसेकंद. आता एक ठोका, फक्त एक, प्रोग्रामने पाहिलाच नाही. तिथे ८०० च्या जागी १६०० चं अंतर आलं. शेजारच्या अंतरांशी दोन फरक प्रत्येकी ८०० चे, त्यांचे वर्ग १२,८०,०००. बाकी सगळ्या फरकांच्या वर्गांची बेरीज सुमारे २,३४,०००. भागाकार करून वर्गमूळ काढलं की आरएमएसएसडी २५ वरून ६४ वर जातो. पावणेचारशेत एक चूक, आणि ताणाखालचा माणूस (ताणात हा आकडा सहसा घटतो) योगी ठरतो. फळ्यासमोर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

नियम ठरले. हुकलेला ठोका असेल तर अंतर दोन भागांत तोडायचं. जादा मोजला गेला असेल तर जोडायचं. अकाली ठोका, म्हणजे आधी आखूड आणि मग लांब अंतर, हा खरा ठोकाच असतो, पण सायनस नोडचा, म्हणजे हृदयाची लय ठरवणाऱ्या केंद्राचा, नसतो. तिथे शेजारच्यांवरून अंदाज भरायचा. बिघडलेला तुकडा कापून टोकं जोडायची नाहीत, त्याने वेळच खोटी होते. पाच मिनिटांत ५ टक्क्यांहून जास्त ठोके दुरुस्त करावे लागले तर तो तुकडा एचआरव्हीसाठी बाद.

हा शेवटचा नियम मला अजून टोचतो. बिघाड सगळीकडे सारखा विखुरलेला नसतो, तो हालचालीबरोबर येतो. जो चुळबुळतो त्याचेच तुकडे बाद होणार, आणि चुळबुळणाराच कदाचित जास्त घाबरलेला असतो. म्हणून बाद झालेल्या तुकड्यांतली हालचाल वेगळी मोजून अहवालात द्यायची. वाचणाऱ्याला कळू दे की आम्ही कुणाला गाळलं.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या टप्प्याची पहिली नोंद, सबंध दिवसाची. सहभागीची तक्रार, यंत्र टोचतं. नॉर्मन होल्टर यांच्या सुरुवातीच्या रेडिओ-ईसीजीचं पाठीवरचं ओझं सुमारे ३८ किलो होतं, हे तिला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. पट्टी बदलून दिली.

दिवसभराच्या नोंदीत ‘जास्तीची हृदयगती’ काढायची आहे. ही कल्पना ब्लिक्स, स्ट्रॉम्मे आणि उर्सिन यांच्या १९७४ च्या लेखातली: शरीराच्या कामाला लागतात त्याहून वरचे ठोके. पुढे फ्रायबुर्गला मायकेल मिर्टेक यांनी हालचालीच्या मापासह ती लोकांच्या रोजच्या दिवसात नेली. आमची रीत: प्रत्येकाकडून आधी बसणं, उभं राहणं, सावकाश चालणं, भरभर चालणं आणि जिना, असा संच करून घ्यायचा. त्यावरून त्या माणसाचं स्वतःचं समीकरण. मागच्या काही मिनिटांची हालचालही समीकरणात हवी, कारण जिना संपतो पण ठोके लगेच खाली येत नाहीत. ती आली नाही तर जिन्याच्या माथ्यावर टेकलेला प्रत्येक माणूस भावनाविवश ठरेल.

उरलेल्या आकड्याला ‘भावना’ म्हणायचं नाही, हा नियम अहवालाच्या भाषेसाठी आत्ताच लिहून ठेवतो. छातीवरच्या यंत्राला हातातली जड पिशवी दिसत नाही. सायकलवर धड स्थिर आणि पाय राबत असतात, तेही दिसत नाही. उकाडा दिसत नाही, नुकतंच झालेलं जेवण दिसत नाही. उरतं ते ‘आमच्या यंत्राला न दिसलेल्या हालचालीसह बाकी सगळं’. म्हणून सहभागीला फोनवर ‘आत्ता काय वाटतंय’ हे विचारायचं ते दोन प्रकारे: उरलेला आकडा वाढला की लगेच, आणि अधूनमधून कुठल्याही कारणाशिवाय, तुलनेसाठी. मिर्टेक यांच्या अभ्यासांत ठोके वाढलेल्या क्षणी विचारलं तरी लोक इतर वेळेपेक्षा जास्त भावना सांगत नव्हते. आमच्याकडेही तसंच निघालं तर आश्चर्य वाटायला नको.

२६ फेब्रुवारी

एलएफ-एचएफ गुणोत्तराची मागणी, म्हणजे ठोक्यांतल्या संथ (एलएफ) आणि जलद (एचएफ) चढउतारांचं प्रमाण. शोधनिबंधाचे समीक्षक विचारतात, म्हणून द्यावं असं सरांचं मत. मी नको म्हटलं. एचएफ पट्टा ०.१५ ते ०.४० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ श्वास. कुणी सावकाश, मिनिटाला ६ श्वास घेतले तर श्वासाबरोबरचे चढउतार ०.१ हर्ट्झवर जातात आणि थेट एलएफमध्ये मोजले जातात. शांत बसून संथ श्वास घेणारा माणूस गुणोत्तरात ‘तणावग्रस्त’ दिसतो. हे गुणोत्तर सिंपथेटिक-व्हेगल समतोल दाखवत नाही, असं जॉर्ज बिलमन यांनी २०१३ मध्ये सविस्तर मांडलंय. सर म्हणाले, ‘मग समीक्षकांना तूच उत्तर लिही.’ लिहीन.

भाषण आणि वाचनाच्या भागांत एचआरव्ही मुळीच द्यायचा नाही, फक्त हृदयगती. बोलताना श्वास वाक्यांच्या लांबीने चालतो. तिथे आरएमएसएसडी काढला तर तो व्हेगसइतकाच माणसाच्या वाक्यरचनेचाही असेल. एचआरव्ही फक्त बसलेल्या तीन भागांत: आधी, तयारीत, आणि नंतर सावरताना. प्रत्येक ठिकाणी श्वासाचा वेग शेजारच्या रकान्यात.

५ मार्च

एका नोंदीत अकाली ठोके बरेच. ठरल्याप्रमाणे मॅडमनी त्या व्यक्तीला एकांतात सांगितलं: आम्ही डॉक्टर नाही, असे ठोके निरोगी लोकांतही असतात, तरी डॉक्टरांना दाखवा, छापील प्रत घेऊन जा. आमच्या विश्लेषणातून तिचा एचआरव्ही बाद, हालचाल आणि हृदयगती राहते.

१३ मार्च

पायलट संपलं, मुख्य टप्प्याचा आराखडा नोंदणीला गेला. सूचनेनंतर थिजण्याची खिडकी किती सेकंदांची, हा राहिलेला प्रश्न असा सुटला: आम्ही एकच आकडा ठरवलाच नाही. मांडीची हालचाल थांबल्यापासून ती पुन्हा सुरू होईपर्यंतचा काळ, जास्तीत जास्त दहा सेकंद, ही ज्याची त्याची खिडकी. त्या वेळातल्या ठोक्यांतून काहीही वजा होणार नाही. ज्यांचा पाय आधीपासूनच स्थिर होता त्यांच्यासाठी ही व्याख्या लागू पडत नाही. त्यांचा गट वेगळा दाखवायचा, ही सूचना संख्याशास्त्रवाल्या सहकाऱ्याची. तो आता सहाही यंत्रांच्या दुरुस्तीच्या फाइली तपासतोय. त्यातली दोन यंत्रं पुन्हा सहा बाजूंवर ठेवून पाहायची आहेत.